मदत हवी आहे: १९८६ची प्रीमियर पद्मिनी घ्यावी की वापरलेली वॅगन-आर?

मंडळी, बजेट साडेतीन लाख, पार्किंग एकाच गाडीचं. कोल्हापुरात रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी जाणं-येणं, महिन्यातून एकदा आईला घेऊन जोतिबा. तिचे गुडघे दुखतात.

पद्मिनी १ लाख ८० हजाराला मिळतेय. आरसीचं नूतनीकरण झालंय, २०२८पर्यंत वैध. पन्नास वर्षं झालेली नसल्यानं व्हिंटेज नोंदणीचा प्रश्न नाही. (तशी नोंदणी असती तर रोज वापरताच आली नसती.) शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींना दाखवली. इंजिन ठणठणीत, कॉम्प्रेशन चांगलं. पण मॅट उचलल्यावर डाव्या बाजूचा पत्रा गंजलेला निघाला, बोट आत गेलं! मालक म्हणतात, "किरकोळ आहे." मला तसं वाटत नाही.

शिवाय चारही चाकांना ड्रम ब्रेक, एसी नाही. वॅगन-आर २०१६ची, सीएनजी, ३ लाख १० हजार. तिच्यात काही खोट नाही, आणि मन काही तिच्यात रमत नाही.

"दोन्ही घ्या" किंवा "हौसेला मोल नाही" कृपया सांगू नका, ते घरी रोज ऐकतोय. ज्यांनी पद्मिनी रोज चालवलीय त्यांनीच सांगा: फ्लोअरचा पत्रा कापून नवा वेल्ड करायला कोल्हापुरात साधारण किती खर्च येतो? आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर कार्ब्युरेटर, फ्युएल पंपाचा डायफ्राम, रबरी पाइप यांतलं नेमकं काय बदलावं लागलं?