शिकायला जर्मनीत गेलेल्या मुलांनी शरदात भटकू नये का?

पानगळ
नातेवाइकांच्या ग्रुपवर मी हाम्बाखच्या किल्ल्याचा आणि भरल्या ताटाचा फोटो टाकला. एका काकांनी लिहिलं, "कर्ज काढून शिकायला पाठवलंय, खायला-फिरायला नाही." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

मी कार्ल्सरूहला मास्टर्स करतोय. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, वर्ग मात्र भरतात ते महिना अर्धा उलटल्यावर. नेमक्या याच दिवसांत शेजारच्या फाल्ट्समधले द्राक्षमळे पिवळे-तांबडे होतात. किल्ल्याच्या पायथ्याच्या नॉयश्टाट गावाला थेट प्रादेशिक गाडी जाते आणि तिच्यात डॉइचलँड तिकीट चालतं. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना निघालेलं हे मासिक तिकीट २०२६ पर्यंत ६३ वर गेलं, तरी विद्यार्थ्यांना सवलत आहे. कॉलेजला जाण्यासाठी ते काढलेलंच असतं. वेगवान आयसीई गाड्यांत चालत नाही, पण मला घाई कुठे आहे?

स्टेशनवरून डोंगर चढायला लागलं की चेस्टनटचं रान लागतं, पायाखाली काटेरी बोंडं उकललेली. वर किल्ला. १८३२ च्या मे महिन्यात हजारो लोक काळा-लाल-सोनेरी झेंडा घेऊन इथे चढले होते, एकसंध जर्मनी आणि छपाईचं स्वातंत्र्य मागायला. आज ते रंग या देशाच्या झेंड्यावर आहेत. ज्या देशात राहतो तो कसा घडला, हे मला प्रयोगशाळेत कोण सांगणार होतं?

आणि जेवण! रानात ठिकठिकाणी ह्युट्टे असतात, म्हणजे डोंगरातल्या खाणावळी. त्यातल्या कितीतरी पदभ्रमण मंडळांचे स्वयंसेवक चालवतात. खिडकीवर सांगायचं, ताट आपणच उचलायचं आणि लांब बाकावर अनोळखी माणसांना सरकायला सांगून बसायचं. बटाट्याचं दाट सूप आणि त्याच्याच जोडीला प्लमचा केक, अशी जोडी इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खात आलीत. किंवा डाम्फनुडल: वरून लुसलुशीत वाफवलेला गोळा, बुडाशी खारट, खरपूस पापुद्रा. दोन तास चालून आल्यावर असं काही पोटात गेलं की माणूस ताळ्यावर येतो. माझा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. जर्मन मी बोलायला शिकलो ते या बाकांवरच.

हिशेबनीस
वर्णन सुंदर आहे, पण काकांचं चुकलं कुठे? व्हिसासाठी ब्लॉक खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे हाती महिना ९९२. तुम्ही आहात त्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. इकडे शिक्षणकर्जाचा हप्ता शिकत असताना थांबला तरी व्याज थांबत नाही.

तुम्हा मुलांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. वर्ग सुरू झाले की पूर्ण दिवस काढणं अवघड, म्हणजे कमाईचे दिवस हेच. तेच तुम्ही डोंगरात घालवता. घर गहाण ठेवलेल्या बापाला तो फोटो कसा दिसत असेल, याचा विचार करा.

आजोळ
हिशेबनीस, मी आई म्हणून लिहिते. लेक ड्रेस्डेनला आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर मागे जातं आणि मग पाचच्या आत अंधार. पहिल्या हिवाळ्यात ती वर्ग सुटला की खोलीत शिरायची ती सकाळीच बाहेर पडायची. एकदा खिचडी लावून तीच पुरवून पुरवून खायची. फोनवर "बरी आहे" एवढंच. इथे बसून मला काय करता येणार होतं?

पुढच्या शरदात मैत्रिणी तिला ओढून एस-बान या लोकल गाडीने एल्बे नदीकाठच्या डोंगरांत घेऊन गेल्या. बास्टाइच्या सुळक्यांवरून नदी जवळपास दोनशे मीटर खाली दिसते म्हणे. मग जाणं होतच राहिलं. परतल्यावर स्वतःहून फोन करायची, काय खाल्लं ते सांगायची, अभ्यासाचंही सांगायची. कर्ज आमच्याही डोक्यावर आहे. पण मूल तिकडे खचलं तर व्याज वाचवून काय करायचं?

रात्रपाळी
मी लाइपझिगजवळ गोदामात काम करून शिकतो. घरी पैसे पाठवावे लागतात. पानगळ, तुम्ही फिरा, माझी तक्रार नाही. पण "तिकीट काढलेलंच असतं" म्हणून खर्च नाही, हे मला मान्य नाही. रविवारचा पूर्ण दिवस मोकळा असणं हीच मोठी श्रीमंती आहे. असे फोटो पाहून इथली पोरं एकमेकांशी तुलना करतात आणि ज्यांना जमत नाही ती गप्प होतात.

वाटसरू
जाणाऱ्या शाकाहारी मंडळींसाठी: शरदात सगळीकडे मिळणाऱ्या कांद्याच्या केकमध्ये, त्स्वीबलकुखनमध्ये, बहुतेकदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. सुपातही असू शकतात. विचारूनच घ्या. आणि त्याच्यासोबत मिळणारी फेडरवायसर ही अजून आंबत असलेली वाइन असते. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात. पाठपिशवीत आडवी ठेवलीत तर वह्या गेल्या.

हिशेबनीस
आजोळताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. तब्येतीपुढे पैसा नाहीच. पण पानगळ यांनी परीक्षांबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. कितीतरी विद्यापीठांत फेरपरीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरातच असतात. ठरलेल्या संधी संपल्या आणि सक्तीच्या विषयात कायमचं नापास ठरलं, तर तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही पुढे नेता येत नाही. नव्याने जाणारी मुलं हा धागा वाचतील, त्यांना हे आधी कळू दे.

पानगळ
फेरपरीक्षेचा मुद्दा बरोबर आहे. ज्याचा पेपर उरलाय त्याने आधी तो द्यावा. मी कामही करतो आणि कर्ज मीच फेडणार आहे. पण मोकळा मिळालेला रविवारही पैशांतच मोजायचा, हे मी मानणार नाही. दोन वर्षं खोली, वर्ग आणि गोदाम एवढंच बघून कुणी परतलं, तर पदवी हातात असूनही त्याचं मोठं नुकसान झालं असं मी म्हणेन. काकांना मी हेच लिहिणार आहे, ग्रुपवरून फोटो हटवणार नाही.

रात्रपाळी, तुलनेचं तुम्ही लिहिलंत ते मात्र डोक्यात राहिलंय. ३ ऑक्टोबरला देशभर सुट्टी असते. तेव्हा गोदाम बंद असेल तर सांगा, तुमच्या बाजूच्या डोंगरांत मीच येतो. येताना रोकड ठेवा, बऱ्याच ह्युट्टेंत कार्ड घेत नाहीत.