मदत हवी आहे : बर्लिनच्या हेरकथेत अडकलोय

मंडळी, जॉन ल कारेची 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' वाचतोय. पहिलं प्रकरण जबरदस्त आहे. चेकपोस्टवर कॉफी पीत ताटकळलेला ब्रिटिश हेर लीमस, पलीकडच्या पूर्व बर्लिनमधून सायकल घेऊन येणारा त्याचा माणूस आणि ऐन मोक्याला गोळीबार! बर्लिनची भिंत १३ ऑगस्ट १९६१ला उभी राहू लागली आणि पुस्तक आलं १९६३ मध्ये, म्हणजे तेव्हाच्या वाचकाला हे सगळं ताज्या बातमीसारखंच वाटलं असणार.

लंडनचा भाग सरसर वाचून झाला. कथा पूर्व जर्मनीत शिरली आणि माझी गाडी अडली. फीडलर हा पूर्व जर्मन हेरखात्यातला, तिथला बडा अधिकारी मुंड्ट याच्या हाताखालचा, तरी त्याच्याच जिवावर उठलेला. हे करायची हिंमत त्याला कोणाच्या जोरावर होते? तिथे हेरखात्यावर शेवटचा शब्द सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा असायचा का? शिवाय फीडलर ज्यू, युद्धकाळात कॅनडात सुखरूप होता, तरी १९४६ मध्ये जर्मनीत परतला. असे लोक खरंच बरेच होते का? मला तर तोच कादंबरीतला सर्वांत इंटरेस्टिंग माणूस वाटतोय, लीमसपेक्षाही.

मुंड्ट आधी ल कारेच्याच 'कॉल फॉर द डेड' कादंबरीमध्ये येऊन गेलाय म्हणे. हे थांबवून आधी ते वाचू का?

आणि दुभंगलेल्या बर्लिनवर मराठीत काही चांगलं असेल तर नक्की सुचवा. अनुवादही चालेल.

फक्त कृपा करून शेवट फोडू नका!