मदत हवी आहे: कायद्यातले जुने फ्रेंच शब्द ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी,

कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅटिन जड जाईल असं सगळे म्हणत होते, पण माझं घोडं अडलंय फ्रेंचपाशी. लॅटिन शब्द परका आहे हे बघताक्षणी कळतं, त्यामुळे कोश उघडला जातो. 'मेन्स रिया' म्हणजे दोषी मन, 'अ‍ॅक्टस रियस' म्हणजे दोषी कृती; एकदा फोड समजली की विसरायला होत नाही. फ्रेंच शब्द मात्र इंग्रजीत पार मुरलेले. 'मॉर्गेज' (गहाण) या शब्दाच्या पोटात 'मृत तारण' आहे हे मला परवा कळलं.

आणि जे उघड फ्रेंच दिसतात, त्यांनी तर दगाच दिला. चाचणीत 'व्वार डीर' विचारलं होतं. मला थोडं फ्रेंच येतं: 'व्वार' म्हणजे पाहणे, 'दीर' म्हणजे सांगणे. साक्षीदाराने पाहिलं ते सांगणे, असं ठोकून दिलं आणि वर अर्धं पान स्पष्टीकरण लिहिलं. सगळ्यावर तांबडी रेघ. मार्क गेल्याचं एवढं वाटत नाही, पण चुकलं कुठे ते कळेना म्हणून जीव खालीवर होतोय.

दुसरी शंका 'हेबियस कॉर्पस'ची, म्हणजे कैदेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करण्याच्या हुकुमाची. आपण बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतो, पण त्या दोन शब्दांत बंदी, म्हणजे कैदी, कुठेच दिसत नाही. मी मराठीत टिपणं काढते आहे, तर शब्दशः अर्थ लिहू की रूढ प्रतिशब्द? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

तुमचं फ्रेंच बरोबर आहे, फक्त ते आजचं आहे. इथला 'व्वार' हा 'पाहणे'वाला नव्हेच. तो लॅटिन 'वेरुम'वरून आलेला जुना शब्द, अर्थ 'सत्य'. म्हणजे 'खरं सांगणे'. प्राथमिक चौकशीत खरी उत्तरं देईन, अशी जी शपथ घ्यायची तिच्यावरून त्या चौकशीलाच हे नाव पडलं. इंग्लंडमध्ये ज्यूरीला (दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांना) बाहेर पाठवून एखादा पुरावा ग्राह्य आहे की नाही हे तपासतात, ते व्वार डीर. अमेरिकेत ज्यूरी निवडताना जी प्रश्नोत्तरं होतात त्यालाही हेच म्हणतात.

1066 साली नॉर्मन इंग्लंडात आले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. पुढे कोर्टात वकील बोलायचे फ्रेंचमध्ये, पण हुकूम आणि दप्तर लॅटिनमध्ये. ढोबळ खूण हीच धरा. कागदावरचा हुकूम असेल तर बहुधा लॅटिन: मॅन्डमस (कर्तव्य पार पाडण्याचा हुकूम), सर्शिओरारी (खालच्या कोर्टाचं दप्तर मागवणारा हुकूम), सबपीना (साक्षीला हजर राहण्याचा हुकूम). माणसं, जमीन, वाद यांचे शब्द बहुधा फ्रेंच: प्लेंटिफ (वादी), अटर्नी (मुखत्यार), टॉर्ट (दिवाणी अपकृत्य), एस्टॉपेल (आधीच्या शब्दावरून फिरण्यास मनाई). अपवाद भेटतील, तरी निम्मं काम होतं.

1362 मध्ये कोर्टातलं बोलणं इंग्रजीत व्हावं असा कायदा झाला. तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला! वकिलांची टिपणं त्यानंतरही शतकानुशतकं फ्रेंचमध्येच राहिली, पण भाषा झिजत गेली. 1631 ची सॉल्सबरीची नोंद बघा. शिक्षा झालेल्या कैद्याने न्यायाधीशावर विटेचा तुकडा भिरकावला, तर टिपण आहे 'जेक्ट अन ब्रिकबॅट... क्यू नॅरोली मिस्ट'. 'फेकला' हे फ्रेंच, वीट इंग्रजी आणि 'थोडक्यात हुकला' तर सरळसरळ इंग्रजी. त्या कैद्याचा हात तोडून त्याला लगेच फाशी दिलं, हेही त्याच खिचडी भाषेत लिहून ठेवलंय. अशा भाषेला आजचा फ्रेंच कोश कसा पुरणार? तिला तिसरीच भाषा समजा. दप्तरातलं लॅटिन आणि ही फ्रेंच दोन्ही अखेर 1733 पासून बंद झाली.

प्रतिसाद २

हेबियस कॉर्पसबद्दल. शब्दशः 'तू देह हजर ठेव', आणि हे तुरुंगाधिकाऱ्याला उद्देशून आहे. देह म्हणजे जिवंत माणूस, प्रेत नव्हे. टिपणात हे जरूर लिहा. बरेच रिट (कोर्टाचे लेखी हुकूम) त्यांच्या मजकुरातल्या शब्दांवरून ओळखले जातात, पत्राला 'सप्रेम नमस्कार' असं नाव पडावं तसं. मॅन्डमस म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो', झालं. मराठी प्रतिशब्द हुकुमाचा हेतू सांगतो, लॅटिन नाव त्याची भाषा सांगतं. मी असते तर दोन्ही लिहिलं असतं, प्रतिशब्द आधी.

इंग्लंडचे निकाल वाचताना एक ध्यानात ठेवा: 1999 पासून तिथल्या दिवाणी नियमांत 'प्लेंटिफ'च्या जागी 'क्लेमंट' आलं आणि 'एक्स पार्टे'च्या (एकतर्फी) जागी 'नोटिशीविना'. जुन्या निकालांत जुनेच शब्द भेटतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'वेरुम' वाचलं आणि तांबडी रेघ उलगडली. टिपणवहीत आता तिसरा रकाना आखलाय, जुन्या फ्रेंचचा. 'प्युनी' न्यायाधीश म्हणजे 'पुईस ने', नंतर जन्मलेला, म्हणजेच कनिष्ठ, हे आत्ताच सापडलं. 'सी-प्रे'वर अडले आहे, 'इथे जवळ' एवढंच लागतंय. ट्रस्टच्या प्रकरणात त्याचं काय काम, कुणी सांगेल का?