रॉजर्सच्या बोटात एकच अंगठी का? (एका पॅकर्सभक्ताचा त्रागा)

चीजहेड_सांगलीकर

रविवारी रात्री (२८ सप्टेंबर २०२५) डॅलसमध्ये आमचे पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज ४०-४०. बरोबरी! अमेरिकन फुटबॉलमध्ये बरोबरी म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येणं. अकरापर्यंत जागलो, सोमवारी सकाळी आठला मीटिंग, आणि ऑफिसात कुणी विचारलं तर सांगायचं काय? जिंकलो की हरलो? त्या तिरमिरीत हा धागा काढतोय.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी ग्रीन बे पॅकर्सचा भक्त आहे. विस्कॉन्सिनमध्ये सोळा वर्षं झाली. २०११च्या डिसेंबरात संघाने शेअर विक्रीला काढले तेव्हा २५० डॉलर मोजून एक घेतला. त्यावर लाभांश नाही, बाजारात विकता येत नाही, तिकिटावर सवलत नाही. भिंतीवर फ्रेम करून लावायला एक कागद मिळतो आणि जुलैत वार्षिक सभेला जाता येतं. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे फसवलं की रे तुला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या लीगमधल्या (एनएफएल, अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ३२ संघांपैकी ३१ संघांना धनाढ्य मालक आहेत. पॅकर्सला नाही. १९२३ पासून हा संघ ना-नफा संस्था आहे, आज पाच लाखांवर भागधारक आहेत आणि कुणाच्याही हातात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शेअर जाऊ शकत नाहीत. प्रवरानगरचा कारखाना उभा राहायच्या पाव शतक आधीची ही गोष्ट. गाव केवढं? एक लाख सात हजार वस्ती, इचलकरंजीच्या निम्मंही नाही. मैदानात माणसं बसतात ८१ हजार.

आता माझं मत. ॲरन रॉजर्ससारखा चेंडू फेकणारा या खेळात दुसरा झाला नाही. चार वेळा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू (२०११, २०१४, २०२०, २०२१). आणि सुपर बोल (लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्याला अंगठी मिळते) एकच, तोही सहाव्या मानांकनावरून, फेब्रुवारी २०११मध्ये, पिट्सबर्गविरुद्ध ३१-२५. का? कारण आमच्याकडे पैसे उधळून 'मला यंदाच पाहिजे' म्हणणारा मालक नव्हता. संघ चालवणाऱ्या समितीने जपून संसार केला. १८ मोसमांत नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) त्याला पहिल्या फेरीतला एकही रिसीव्हर, म्हणजे त्याने फेकलेला चेंडू झेलणारा, निवडून दिला नाही! २००२च्या जव्हॉन वॉकरनंतर असा रिसीव्हर घेतला तो यंदा, मॅथ्यू गोल्डन, आणि तोवर रॉजर्स न्यूयॉर्कला जाऊन आता पिट्सबर्गला पोचला. २०२०मध्ये संघ अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरून परत आला होता. त्याला हात द्यायचा सोडून वर सरकून २६व्या क्रमांकावर त्याचीच जागा घेणारा जॉर्डन लव्ह उचलला.

एवढं होऊनही मला मालक नकोय. हे माझं म्हणणं. फोडा आता.

शिकागोची_माई

फोडतेच. मी शिकागो बेअर्सवाली, त्यामुळे दिवे घ्या.

सांगलीकर, तुम्ही म्हणता मालक नाही म्हणून अंगठी नाही, आणि पुन्हा म्हणता मालक नकोच. म्हणजे दुखणंही आवडतं आणि औषधही नको. तुमचे थोर प्रशिक्षक लोम्बार्डी पद सोडून गेल्यानंतर १९६८ ते १९९१ तुमचा संघ प्लेऑफला (बाद फेरीत) किती वेळा गेला? दोनदा. १९७२ आणि १९८२. चोवीस वर्षं! तेव्हाही मालक नव्हता. मालक असता तर निदान शिव्या घालायला एक माणूस असता. समितीला शिव्या घालून काय होतं?

आणि एक आठवण करून देते. ज्या लॅम्बो फील्ड मैदानाची तुम्ही पूजा करता, ते बांधायचं की नाही यावर १९५६ मध्ये गावात मतदान झालं. त्या आधी ग्रीन बेच्या सभेत 'हे बांधा' म्हणून भाषण ठोकायला कोण आलं होतं? आमचे जॉर्ज हॅलस. बेअर्सचे *मालक*. त्यामुळे जरा हात जोडून बोला.

चीजहेड_सांगलीकर

हॅलसचे उपकार मान्य. दर मोसमात दोनदा भेटून फेडतो की! मध्ये सलग अकरा वेळा हरवून फेडले.

शिकागोची_माई

जानेवारीत आम्ही २४-२२ने हरवलं ते विसरलात वाटतं. तुमच्याच अंगणात.

निम्बाळकर_मिनेसोटा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. फक्त एक नोंद: २००९मध्ये तुमचा ब्रेट फार्व (रॉजर्सच्या आधीचा चेंडू फेकणारा) आमच्याकडे, मिनेसोटा व्हायकिंग्जमध्ये आला, चाळिशीत ३३ टचडाउन (चेंडू गोलरेषेपार) आणि फक्त ७ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले थ्रो), आणि त्याने तुम्हालाच दोन्ही सामन्यांत धुतलं. पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये त्याने काय केलं ते मी लिहिणार नाही. जेवण व्हायचंय.

डॅलसकर_दादा

मालक नसल्याचं दुःख काय असतं ते मला सांगू नका. असल्याचं काय असतं ते मी सांगतो.

जेरी जोन्स यांनी १९८९ साली संघ घेतला. पहिल्या सात वर्षांत तीन सुपर बोल, नाकारत नाही. शेवटचा जानेवारी १९९६चा. त्यानंतर जवळपास तीस वर्षं काउबॉइज कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) अंतिम सामन्यातसुद्धा पोचले नाहीत. पण संघाची किंमत? १४ कोटी डॉलरला घेतलेला संघ आता हजार कोटींच्या वर गेलाय. मग सांगा, माणूस कशाला घाबरेल? तोच मालक, तोच जनरल मॅनेजर. स्वतःला कामावरून काढणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आणि मायका पार्सन्स! २६ वर्षांचा, लीगमधला सर्वांत भीतिदायक पास रशर (चेंडू फेकणाऱ्यावर धावून जाणारा). करारावरून उन्हाळाभर घोळ घातला आणि मोसम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी दिला तुम्हाला. दोन पहिल्या फेरीच्या निवडी आणि केनी क्लार्क घेऊन. सांगलीकर, तुमचे पाच लाख मालक आमच्या एकापेक्षा बरे आहेत. काढा शेअर, मी घेतो.

चीजहेड_सांगलीकर

दादा, ती बातमी आली तो दिवस मी विसरणार नाही. २८ ऑगस्ट. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. विसर्जनाची बादली भरून ठेवलेली, आरतीला ताम्हण हातात, आणि खिशातला फोन थरथरायला लागला. बायकोने असं पाहिलं की फोन आरतीनंतरच काढला. चार वर्षांचे १८.८ कोटी डॉलर! आमच्या समितीला असं धाडस सुचेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. 'पुढच्या वर्षी लवकर या' मी त्या दिवशी जरा मोठ्यानेच म्हणालो.

निम्बाळकर_मिनेसोटा

आणि तो आल्यावर डॅलसकडूनच ४० खाल्ले. :)

मृ_पटवर्धन

मला सांगलीकरांचा मूळ मुद्दाच पटत नाही. मालक, समिती, रिसीव्हर हे सगळं बाजूला ठेवा. रॉजर्सच्या एका अंगठीला बऱ्याच अंशी रॉजर्स जबाबदार आहे.

पहिल्या फेरीचा रिसीव्हर दिला नाही हे खरं. पण ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, डेव्हॉन्टे ॲडम्स हे चौघेही दुसऱ्या फेरीतले. इतर संघ पहिल्या फेरीत घेऊन असे रिसीव्हर शोधत बसतात. तेव्हा भांडी नव्हती म्हणून स्वयंपाक बिघडला हे कारण चालणार नाही.

आता सामने बघा. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात रॉजर्सचा संघ २०११च्या विजयानंतर चार वेळा पोचला आणि चारही हरला. सिॲटल, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, टॅम्पा. अटलांटात ४४-२१, सॅन फ्रान्सिस्कोत ३७-२०. या दोन्हींत बचाव गळका होता, मान्य. पण टॅम्पाचा सामना (जानेवारी २०२१) घरच्या मैदानावर होता. ३१-२३ने मागे, गोलरेषा आठ यार्डांवर, दोनच मिनिटं उरलेली. चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) प्रशिक्षक लफ्लुअरने फील्ड गोल (तीनच गुणांची किक) मारायला लावला आणि सगळा विस्कॉन्सिन आजतागायत त्याच्या नावाने खडे फोडतो. पण तिसऱ्या डाउनला? समोर मोकळी जागा होती. रॉजर्स पळाला असता तर निदान चौथा डाउन जवळून खेळता आला असता. त्याने गर्दीत ॲडम्सकडे फेकला. पुढच्या वर्षी पहिलं मानांकन, घरचं मैदान, बर्फ, आणि एमव्हीपीच्या संघाने अख्ख्या सामन्यात १० गुण केले. पहिल्याच चढाईत टचडाउन, मग जवळपास झोप. सॅन फ्रान्सिस्कोकडून १३-१०ने हार.

टॉम ब्रेडीला सात अंगठ्या मिळाल्या त्या सगळ्या काही देखण्या थ्रोंवर मिळाल्या नाहीत. रॉजर्स चूक टाळण्यात वस्ताद होता. पण बाद फेरीत कधीतरी चूक व्हायची तयारी ठेवून खेळावं लागतं.

चीजहेड_सांगलीकर

मृ, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तिसऱ्या डाउनचं खरं आहे. मी ती क्लिप आजवर टाळत आलोय, काल पुन्हा पाहिली. जागा होती. सगळी नाही, पण होती.

पण सॅन फ्रान्सिस्कोचा १३-१० मी रॉजर्सच्या माथी मारू देणार नाही. त्या रात्री मध्यंतराआधी आमचा फील्ड गोल अडवला गेला. शेवटच्या पाच मिनिटांत आमचा पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देणं) अडवला आणि त्यांनी तो उचलून टचडाउन केला. आणि त्यांच्या विजयी किकच्या वेळी आमची माणसं मैदानात किती होती? दहा. अकराच्या जागी दहा! लग्नात वऱ्हाड मोजतात तसं कुणीतरी मोजायला नको?

स्पेशल टीम्स (किक-पंटच्या वेळी उतरणारी तुकडी) हा आमचा घराण्यातला रोग आहे. जानेवारी २०१५, सिॲटल. पाच मिनिटं उरली असताना १९-७ने पुढे. आमच्या बॉस्टिकने ऑनसाइड किक (चेंडू पुन्हा मिळवायला मारलेली तोकडी किक) नेल्सनसाठी सोडायची ती स्वतः झेलायला गेला, चेंडू हेल्मेटवरून उडाला, आणि ओव्हरटाइममध्ये २८-२२. यंदाही तेच. क्लीव्हलंडला फील्ड गोल अडवला गेला आणि १०-१३ने हरलो. रविवारी डॅलसला जादा गुणाची किक अडवली आणि त्यांनी ती पळवत नेऊन उलट दोन गुण घेतले. ते तीन गुण इकडचे तिकडे झाले नसते तर आज हा धागाच नसता.

पुणेरी_प्रेक्षक

एक भाबडी शंका. तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष हलतो दहा-बारा मिनिटं, तोही बहुतेक वेळ हातात. मग याला फुटबॉल का म्हणायचं? आणि एवढा वेळ तुम्ही लोक करता काय?

डॅलसकर_दादा

जेरी जोन्सचा चेहरा बघतो. दर पाच मिनिटांनी दाखवतात.

साखरसम्राट_नाही

मी नगर जिल्ह्यातला. फुटबॉल मला कळत नाही, सहकार कळतो. म्हणून एक विचारतो.

आमच्याकडे कारखान्याच्या सभासदाला उसाचा भाव मिळतो, दिवाळीला स्वस्तात साखर मिळते, आणि सर्वसाधारण सभेत 'मंजूर, मंजूर'च्या गोंधळात का होईना, चेअरमन बदलायची आशा असते. तुमच्या पाच लाख भागधारकांना यातलं काय मिळतं? प्रशिक्षक तुम्ही नेमत नाही, खेळाडू तुम्ही निवडत नाही, नफा वाटला जात नाही. मग तुम्ही सभासद की देणगीदार? मला तरी ही वर्गणी दिसते. गणेशोत्सवाची पावती फाडून मंडळाचा मालक झालो म्हणण्यासारखं.

चीजहेड_सांगलीकर

घाव बरोबर बसला. आमच्या आजोबांचाही एका कारखान्यात शेअर होता, त्यामुळे फरक कळतो. मत म्हणजे संचालक मंडळाच्या यादीवर शिक्का, बाकी कारभार सात जणांची कार्यकारी समिती बघते. देणगीच आहे ती.

पण पावती फाडल्याने एक गोष्ट नक्की झाली: मंडप हलवता येत नाही. क्लीव्हलंडचा संघ मालकाने १९९५ साली बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं. ओकलंडचा लास वेगासला गेला. सेंट लुईसचा लॉस एंजेलिसला. जिथं स्टेडियमला पैसे जास्त मिळतील तिथं बिऱ्हाड. ग्रीन बेला मालक असता तर संघ पन्नास वर्षांपूर्वीच मिलवॉकीला नाहीतर आणखी कुठे गेला असता. पूर्वीच्या घटनेत लिहिलेलं होतं की संघ विकला तर पैसा गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेला जाईल. मग विकून कुणाचं भलं होणार होतं?

हिशेबही आमचाच एकट्याचा उघडा असतो. यंदाच्या अहवालात लीगकडून आलेला वाटा ४३ कोटी डॉलरच्या वर आहे. प्रत्येक संघाला तेवढाच मिळतो, डॅलसलाही. बाकीचे ३१ सांगत नाहीत म्हणून लोक आमच्या अहवालावरून त्यांचं गणित काढतात.

शिकागोची_माई

म्हणजे लहान गावाचा संघ टिकला तो टीव्हीचा पैसा सगळ्यांत सारखा वाटल्यामुळे. आणि १९६१ साली त्या वाटपाला 'हो' कुणी म्हटलं? न्यूयॉर्क आणि शिकागोच्या मालकांनी. आपल्या ताटातलं काढून दिलं. पुन्हा मालकच आले बघा!

मृ_पटवर्धन

माई +१. सांगलीकर, भागधारक आम्हीच आहोत तुमचे.

चीजहेड_सांगलीकर

बरं बाई. तुमचीही फ्रेम लावतो भिंतीवर.

खरं सांगायचं तर मी पॅकर्सचा झालो तो हे सगळं वाचून नाही. इथे आलो त्या वर्षी ऑगस्टमध्ये सराव बघायला गेलो होतो. सराव संपला, आणि दीडशे किलोची धिप्पाड माणसं बाहेर आली. दारात गावातली पोरं आपापल्या सायकली घेऊन उभी. प्रत्येक खेळाडू एकेका पोराच्या चिमुकल्या सायकलवर बसला, गुडघे कानाला लागतायत, आणि पोरगं त्याचं हेल्मेट कवटाळून शेजारून पळतंय. लोम्बार्डीच्या काळापासूनची रीत आहे म्हणे. मी नवा, थंडीच्या भीतीने आधीच अर्धा मेलेला, एकटा. बाजूच्या म्हाताऱ्याने विचारलं, "फर्स्ट टाइम?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता १९६७च्या आइस बोलची गोष्ट सुरू केली. उणे २५ तापमान, पंचांच्या शिट्ट्या गोठलेल्या, सोळा सेकंद उरलेली, आणि पॅकर्सचा बार्ट स्टार स्वतःच चेंडू घेऊन घुसला.

डॅलसकर_दादा

तो सामना आमच्याविरुद्ध होता. २१-१७. धन्यवाद.

निम्बाळकर_मिनेसोटा

दादा, इनो घ्या.

चीजहेड_सांगलीकर

या रविवारी आम्हाला सुट्टी आहे, त्यामुळे घरात माळा साफ करायचं काम निघालंय. माई, डिसेंबरात दोनदा गाठ आहे. हरलात तर चकल्या तुमच्याकडून, पोस्टाने.

शिकागोची_माई

आणि तुम्ही हरलात तर तो शेअर माझ्या लेकीच्या नावावर. विकता येत नाही म्हणालात, पण द्यायला तर चालतो ना?

चीजहेड_सांगलीकर

घरच्याच माणसाला देता येतो, माई. नियम आहे.

शिकागोची_माई

मग चकल्याच ठेवा.