मुंबई ते न्यूअर्क: जाताना साडेसहा तास, येताना चोवीस?

परभणीकर:
नमस्कार. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, न्यू जर्सीला. मी आणि हे, दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार. जावयांनी थेट विमानाचं तिकीट पाठवलंय. 18 मे, मुंबईहून रात्री 1:30 ला निघून 18 मेलाच सकाळी 8 ला न्यूअर्क. म्हणजे साडेसहा तास? आम्हाला इथून मुंबई गाठायलाच सबंध रात्र लागते! परतीला मात्र सकाळी 11:30 ला निघून दुसऱ्या दिवशी 11:30 ला मुंबई. वाट तीच, मग असं कसं? ह्यांची बीपीची गोळी रोज सकाळी 8 ला असते, म्हणून नेमके तास कळायला हवेत. 17 तारखेच्या रात्रीचं देवगिरीचं तिकीट काढून ठेवलंय.

मास्तर, सेलू:
ताई, तिकिटावर निघायची वेळ इथल्या घड्याळाची असते आणि पोचायची तिथल्या. मे महिन्यात न्यूअर्क आपल्या साडेनऊ तास मागे. साडेसहात साडेनऊ मिळवा, 16 तास झाले. परतीच्या चोवीसातून साडेनऊ वजा करा, साडेचौदा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात, मग फरक साडेदहाचा होतो.

हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. दीड तासाचा फरक मुख्यतः वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. समोरच्या पडद्यावर विमान उत्तरेकडे वळलेलं दिसलं तर घाबरू नका. मी वर्गात पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवायचो. मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला की तो आपोआप उत्तरेकडे चढतो, जवळची वाट तीच. विमान अगदी त्याच रेषेवरून जातं असं नाही. वारा कसा आहे, कोणत्या देशाचं आकाश खुलं आहे, त्यावर ठरतं.

जालन्याची मावशी:
ताई, सगळं सोडा, आधी ते देवगिरीचं तिकीट बदला! 18 तारखेची रात्रीची 1:30 म्हणजे 17 ची रात्र उलटल्यावरची. तुम्हाला 17 ला रात्री साडेनऊ-दहालाच विमानतळावर पोचायचंय. 17 ला रात्री गाडीत बसलात तर 18 च्या सकाळी मुंबईत उतराल, तोवर विमान गेलेलं असेल. आमच्या चुलत्यांचं हेच झालं होतं. 16 ला निघा, दिवसभर कुणा नातेवाइकाकडे टेका.

गोळीचं म्हणाल तर त्या प्रवासात सकाळचे 8 दोनदा येतील, एकदा विमानात आपल्या घड्याळाचे आणि एकदा तिथे उतरल्यावर. दुसऱ्या वेळी चुकून परत गोळी नको. आपले सकाळचे 8 म्हणजे तिकडे रात्रीचे 10:30. तिथे वेळ कशी बदलायची ते तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

परभणीकर:
मावशी, तुमचे पाय धरावेसे वाटतात. हे आत्ताच स्टेशनवर गेलेत. 16 चं वेटिंग दाखवतंय, नाही मिळालं तर समृद्धीवरून गाडीनं जाऊ. मास्तर, घड्याळाचा हिशोब वहीत उतरवून घेतला. डॉक्टरांकडे सोमवारी जाते.