‘डार्क रिटेलिंग’ला मराठीत काय म्हणावे? काळी, गडद, आसरा आणि इतर काही शब्द

प्रश्न

नाशिकमध्ये आमचा नऊ-दहा जणांचा एक लहानसा वाचनगट आहे. गेले वर्षभर आम्ही परीकथांची भीषण रूपे आणि गॉथिक भयसाहित्य यांखेरीज दुसरे काही वाचलेले नाही. पुढील बैठकीची सूचना लिहायला बसलो आणि ‘डार्क रिटेलिंग’, म्हणजे ओळखीची परीकथा भीषण रूपात पुन्हा सांगणे, या शब्दापाशी अडलो. ‘काळी परीकथा’ असे लिहिले, तर जारणमारणाचे पुस्तक असल्याचा भास होतो. शिवाय ज्या गावात ‘काळाराम’ हे देवाचे नाव आहे आणि ज्या जिल्ह्यात शेतकरी जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो, तिथे ‘काळी’ हे विशेषण अमंगळ या अर्थाने वापरणे मला मनापासून पटत नाही. ‘अंधारी’ म्हटले की डोळ्यांसमोर येणारी अंधारी आठवते, तर ‘भीषण’ म्हटले की अपघाताची बातमी. दुसरी अडचण ‘रिटेलिंग’ची आहे. ते ‘पुनर्कथन’ लिहावे की ‘पुनःकथन’? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

पहिला प्रतिसाद

दुसरी अडचण लहान आहे, म्हणून ती आधी घेतो. ‘पुनर्’च्या पुढे मृदू वर्ण आला की रफार राहतो, जसे पुनर्जन्म, पुनर्विवाह, कठोर वर्ण आला की विसर्ग होतो. त्यामुळे संस्कृत संधिनियमाने ‘पुनःकथन’ हेच रूप शुद्ध आहे, मात्र ‘पुनर्कथन’ छापील मराठीत रुळलेले आहे आणि ते लिहिणाऱ्याला मी अडवणार नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळा भेद. तीच कथा पुन्हा सांगितली, तर ते पुनःकथन होय. पण हिमगौरीच्या कथेत आरशापुढे उभ्या राहणाऱ्या राणीच्या बाजूने सगळी गोष्ट नव्याने रचली, म्हणजे दोष कोणाचा आणि भोग कोणाचा हेच बदलले, तर त्याला ‘फेरमांडणी’ म्हणावे. फेरविचार, फेरतपासणी, फेरमतदान या शब्दांतला ‘फेर’ आपल्या रोजच्या भाषेतला आहे आणि आधीचा निवाडा उलटू शकतो, ही सूचना त्यात आहेच.

‘डार्क’साठी माझे मत ‘गडद’ या शब्दाला आहे. कोणी म्हणेल, हा रंगाच्या दुकानातला शब्द आहे. गडद निळा, गडद हिरवा. परंतु सह्याद्रीत भटकणाऱ्यांना या शब्दाचा आणखी एक अर्थ ठाऊक असतो. कड्याच्या पोटातील गुहेला किंवा खोल कपारीला ‘गडद’ म्हणतात. मुरबाड तालुक्यात सोनावळे गावाजवळची लेणी ‘गणपती गडद’ या नावाने ओळखली जातात आणि ढाकच्या कड्यातील बहिरी या देवाला ‘गडदचा बहिरी’ म्हणतात. बाहेरून सरळ, उन्हात तापलेला कातळ दिसावा आणि त्याच्याच पोटात एक पोकळी असावी, तिथे कोणाचा तरी वास असावा, हे ज्या एका शब्दात येते, तो या कथांसाठी मला अगदी नेमका वाटतो. वरून राजपुत्र, पोटात गुहा.

दुसरा प्रतिसाद

‘गडद’ मला मान्य आहे, पण त्याआधी एका गृहीतकाला हरकत घेतो. ‘डार्क रिटेलिंग’ म्हटले की मूळ कथा उजेडाची होती आणि नंतर कोणीतरी तीत अंधार कालवला, असा समज होतो. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. फ्रान्समध्ये 1697 साली शार्ल पेरो यांनी छापलेल्या लाल टोपीवालीच्या कथेत लांडगा मुलीला खातो आणि कथा तिथेच संपते; तिला पोटातून जिवंत काढणारा शिकारी जर्मनीतील ग्रिम बंधूंनी सांगितलेल्या कथेत येतो. ग्रिम बंधूंच्या 1812 सालच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आईने लेकराचे काळीज मागावे, हे वाचकांच्या घरात सोसवणार नव्हते, म्हणून ‘सावत्र’ हे एक विशेषण आणून आईपण वाचवले गेले. त्या एका विशेषणाने पुढे किती पिढ्यांच्या सावत्र आयांवर अन्याय केला, याचा विचार शब्दांची आवड असणाऱ्या प्रत्येकाने करावा, असे मला वाटते. तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचण्याची राणीची शिक्षा मात्र तशीच राहिली.

तेव्हा खरे तर विशेषण हवे ते बदललेल्या, धुऊन काढलेल्या रूपाला. त्याला मी ‘सोवळी परीकथा’ म्हणेन. आपल्याकडे भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन सांगतात. ‘तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’, असे म्हातारी स्वतःच्या तोंडाने वाघाला वचन देते. ही गोष्ट कोणाला गडद वाटत नाही, कारण ती सांगणाऱ्या आजीचा आवाज प्रेमळ असतो.

आता ‘गॉथिक’विषयी. हा शब्द मराठीत तसाच ठेवावा. गॉथ ही जर्मानिक टोळी. तिच्या नावावरून इटलीतील प्रबोधनकाळच्या विद्वानांनी मध्ययुगीन वास्तुशैलीला हिणवण्यासाठी ‘गॉथिक’ म्हटले, आणि इंग्रज लेखक होरेस वॉल्पोल यांनी 1764 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या किल्ल्यावरच्या कादंबरीला पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक दिले, तेव्हा तो शब्द इमारतीतून साहित्यात आला. आपल्यालाही तो आधी इमारतीवरूनच कळतो. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारा नाशिककर ज्या स्थानकात उतरतो, ते व्हिक्टोरियन गॉथिक शैलीचे आहे. ‘वाडाकथा’ हा पर्याय मनात येऊन गेला. जुन्या नाशकातील वाड्यांची माजघरे, धान्याची बळदे, भिंतीतून वर जाणारे अरुंद जिने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो मोहात पाडेल. पण वाडा हा शब्द मराठीत सण, पंगती आणि नात्यागोत्यांचा गलबलाही घेऊन येतो, आणि गॉथिक वास्तूचा एकाकीपणा त्यात उतरत नाही.

तिसरा प्रतिसाद

वरील चर्चेत भीतीच्या प्रकारांचा उल्लेख राहिला आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ या इंग्रज गॉथिक कादंबरीकार. त्यांच्या निधनानंतर, 1826 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी ‘टेरर’ आणि ‘हॉरर’ हे एकमेकांच्या विरुद्ध असल्याचे म्हटले आहे. पहिल्याने मन विस्तारते आणि शक्ती जाग्या होतात, तर दुसऱ्याने मन आकसते आणि गोठते. मराठीत आपण दोन्हींना ‘भय’ म्हणून मोकळे होतो. भरताच्या नाट्यशास्त्रातील भयानक आणि बीभत्स या रसांची जोडी इथे लावून पाहिली जाते. भयानकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय, तर बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. परंतु ‘हॉरर’मध्ये किळसच असेल असे नाही, म्हणून ही जोडी पुरी पडत नाही.

मला घरातले दोन शब्द अधिक उपयोगी वाटतात: ‘धास्ती’ आणि ‘धसका’. धास्ती अजून न घडलेल्या गोष्टीची असते. बंद दाराआड काय आहे, हे कळेपर्यंत धास्ती वाटते. धसका घडून गेलेल्या गोष्टीचा घेतात. दार उघडले, पाहिले, आणि माणूस अंथरुणाला खिळला. रॅडक्लिफ यांचा भेद या दोन शब्दांत जवळजवळ पूर्ण बसतो. बैठकीत एखाद्या कथेविषयी बोलताना ‘ही धास्तीची कथा आहे, धसक्याची नाही’, असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला फोड करून सांगावी लागणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘परीकथा’ या शब्दाविषयी मला जे आढळले, ते इथे मांडतो. आपली ‘परी’ फारसीतून आली. फारसीत ती सुंदर, पंखांची आणि कृपाळू आहे, पण तिचा पूर्वज असलेला अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातील ‘पइरिका’ हा शब्द माणसाला भुलवणाऱ्या दुष्ट मायाविनीचा आहे. म्हणजे परीकथा सोवळी होण्याच्या कितीतरी आधी ‘परी’ हा शब्दच सोवळा झाला होता.

यावरून मला ‘आसरा’ आठवल्या. विहिरीच्या किंवा डोहाच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या साती आसरा. हा शब्द ‘अप्सरा’वरून आला. त्या पाण्यात राहतात, त्यांना ओटी वाहतात, आणि त्या माणसाला पाण्यात ओढून नेतात, असेही मानतात. ‘आश्रय’वरून आलेला आपला दुसरा ‘आसरा’ लिहायला अगदी तसाच आहे. निवारा आणि बुडवणारी, एकाच अक्षरांत. मनोविश्लेषक फ्रॉइडने 1919 साली ‘उनहाइमलिश’, म्हणजे ओळखीचे असूनही अस्वस्थ करणारे, या जर्मन शब्दावर निबंध लिहिला, कारण त्यात ‘हाइम’ म्हणजे घर दडलेले आहे आणि भीती घराच्याच आतून येते. आपल्याकडे शब्दाचा तसाच खेळ योगायोगाने का होईना, पण विहिरीच्या काठावर घडला आहे.

मी सूचनेत ‘आसराकथा’ लिहिणार होतो. ते वाचून गटातील एका ताईंनी मला थांबवले. त्यांच्या माहेरी निफाडकडे आजही विहिरीला पाणी लागले की आधी आसरांची पूजा होते, आणि ज्यांच्यावर लोकांची श्रद्धा आहे, त्यांचे नाव आपल्या आवडीच्या साहित्यप्रकाराला चिकटवू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. ते मला पूर्णपणे पटले आणि मी तो शब्द मागे घेतला.

सूचना आता अशी गेली आहे: ‘गडद परीकथा: पुनःकथने आणि फेरमांडण्या. वाचताना कथा धास्तीची आहे की धसक्याची, याची नोंद करून आणावी.’ पेठ, सुरगाणा, बागलाण या भागांतील वाचकांनी त्यांच्या बोलीत ‘गडद’ गुहेसाठी वापरतात का, आणि आसरांना दुसरे काही नाव आहे का, हे कळवल्यास मी आभारी राहीन.