मुंबई–टोकियो: अंतर किती, विमानाला खरा वेळ किती?

प्रश्न (पुणेकर_७९): मुंबई–नारिता (टोकियोचा विमानतळ) थेट विमान बघतोय. जाताना रात्री ८:०० ला सुटून सकाळी ७:४५ ला पोहोचतं. येताना संध्याकाळी ५:०० ला सुटून रात्री ११:३०. म्हणजे जायला पावणेबारा तास आणि यायला साडेसहाच? नेटवर अंतर ६,७८० किमी दिसतंय. बँकॉकमार्गे तिकीट स्वस्त आहे, त्यात किती वेळ वाढेल? परतल्यावर लगेच पुण्याला निघायचंय.

घड्याळजी: दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. जाताना ११:४५ मधून ३:३० वजा करा, सव्वाआठ तास. येताना ६:३० मध्ये मिळवा, दहा तास. म्हणजे तुम्हाला वाटतंय त्याच्या बरोबर उलटं, यायलाच जास्त वेळ लागतो.

वाराफिरला: आता पावणेदोन तासांचा हा फरक कुठून येतो ते बघा. ६,७८० हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर. ती रेघ सिलिगुडीच्या आसपासून पुढे तिबेटच्या पठारावर चढते आणि तिथून विमानं शक्यतो नेत नाहीत. केबिनमधला दाब गेला तर झटपट १०,००० फुटांपर्यंत उतरावं लागतं, आणि तिथली जमीनच सरासरी १४,००० फुटांच्या वर. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पाव तासाचा. म्हणून वाट दक्षिणेकडून काढतात. कोलकाता आणि चीनमधल्या कुनमिंगवरून मोजलं तर ६,९०० किमीच्या थोडं वर भरतं, म्हणजे वळसा जेमतेम दहा मिनिटांचा.

खरा खेळ वाऱ्याचा. चीनच्या पूर्व भागावर आणि जपानवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, वाहतो. हिवाळ्यात ताशी २००-३०० किमी, कधी त्याहूनही जास्त. विमानाचा वेग ताशी ९०० आणि पूर्ण वाटेवरचा सरासरी वारा १०० धरा. जाताना १,००० च्या वेगाने सहा तास चोपन्न मिनिटं, येताना ८०० ने आठ तास सदतीस. वरचा सव्वा तास धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं आणि वेळापत्रकात मुद्दाम ठेवलेली सूट यांचा. उन्हाळ्यात जेट उत्तरेला सरकून मंदावतो, तेव्हा फरक कमी होतो. म्हणून जानेवारीतलं तिकीट काढताना जुलैचं वेळापत्रक बघू नका.

घड्याळजी: 'विमान वेळेआधी अर्धा तास उतरलं' यामागे बहुतेकदा ही सूटच असते. पायलटला उगाच शाबासकी.

ट्रान्झिटवाला: मुंबई–बँकॉक ३,०३० अधिक बँकॉक–नारिता ४,६५०, मिळून ७,६८० किमी. सिंगापूरमार्गे ९,३०० च्या घरात. बँकॉकला अंतर फारसं वाढत नाही, वेळ खातो तो थांबा. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर दोन-तीन तास पुरतात. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान रखडल्यावर दुसरं गेलंच समजा. सामानही बाहेर घेऊन पुन्हा द्यावं लागू शकतं आणि त्यासाठी थायलंडमध्ये प्रवेशाचे नियम लागू होतात. स्वस्त तिकीट बहुधा इथेच महाग पडतं.

नारिता शहरापासून ६० किमीवर आहे, नारिता एक्स्प्रेसने टोकियो स्टेशनला साधारण तासभर. टोकियोचा दुसरा विमानतळ हानेदा त्यामानाने शहरातच. जपानमध्ये पुढचं देशांतर्गत विमान हानेदाहून असेल तर मधे किमान पाच तास ठेवा.

वाराफिरला: पुण्याचं: ११:३० ही विमान गेटला लागण्याची वेळ. इमिग्रेशन आणि बॅगा धरून रात्री दीडच्या आधीची गाडी सांगू नका. हिवाळ्यात समोरचा वारा जोरात असेल तर अडीचचीच सांगा.